भट्टी नंतर, आधी पाणी

अणुवीज केंद्रात काम करते म्हटलं की लोक भट्टीबद्दल विचारायचे. एकतीस वर्षांत एकानेही ‘बाई, पाणी कसं आहे तुमच्याकडचं?’ असं विचारलं नाही. मी केमिस्ट. किनाऱ्यावरच्या दोन केंद्रांच्या प्रयोगशाळांत मिळून नोकरी केली आणि निवृत्त झाले. कुठला किस्सा कुठल्या केंद्रातला हे मुद्दाम सांगणार नाही. आता नव्याने लागलेली मुलंमुली घरी येतात, चहा पितात आणि विचारतात, नेमकं काय लक्षात ठेवायचं? त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. भट्टीचं भौतिकशास्त्र शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी पाण्याचं सांगणार, कारण समुद्रकाठचं केंद्र उभारताना आणि चालवताना झोप उडवतं ते पाणीच.

दर सेकंदाला सात टँकर

पहिलं काम कागद-पेन्सिल घेऊन करायचं. भट्टीतल्या उष्णतेपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाचीच वीज होते. म्हणजे १००० मेगावॉट वीज हवी तर सुमारे २००० मेगावॉट उष्णता कुठेतरी टाकून द्यावी लागते. समुद्रात परत सोडलेलं पाणी घेतलेल्या पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम असू नये, हे आपल्याकडचं बंधन. करा भागाकार. सेकंदाला जवळजवळ सत्तर हजार लिटर समुद्राचं पाणी कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, फिरवावं लागतं. उन्हाळ्यात गावाला येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे सात, दर सेकंदाला, रात्रंदिवस. आपल्या नद्यांना मे महिन्यात हे झेपत नाही, तिथे कूलिंग टॉवर बांधावे लागतात. मोठी केंद्रं किनारा शोधत येतात ती यासाठी.

मग पाणी किती वर चढेल ते बघा. पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला पंपाचं तोंड उघडं पडता कामा नये आणि भरतीला पंपहाऊसची मोटर भिजता कामा नये. या दोन अटींमध्ये इनटेकचा, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेण्याच्या जागेचा, सगळा आराखडा बसवायचा असतो. त्यावर वादळाचा फुगवटा आणि त्यावर त्सुनामी धरायची.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तपशील ध्यानात ठेवा. फुकुशिमा दाइइची केंद्राने ५.७ मीटरची लाट धरली होती, आली चौदा-पंधरा मीटरची. डिझेल जनरेटर होते तळघरात. त्याच किनाऱ्यावरचं ओनागावा मात्र वाचलं, कारण ते १४.८ मीटर उंचीवर बांधलं होतं. यानोसुके हिराई नावाच्या तिथल्या एका वरिष्ठ इंजिनिअरने उंचीसाठी हट्ट धरला होता. बैठकीत असा हट्टी माणूस सगळ्यांना नकोसा होतो, मी पाहिलेत. त्याला चहा द्या आणि बोलू द्या.

उंचीची किंमत असते हेही खरं. जैतापूरच्या नियोजित केंद्राची जागा, माडबनचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, समुद्रापासून वीस मीटरपेक्षा वर आहे. लाटेची भीती कमी, पण कंडेन्सर जितका वर ठेवाल तितका पंपांना जोर जास्त आणि वीज आपलीच खर्च होते. सडा खोदून किती खाली उतरायचं हे ठरवताना इंजिनिअर लोक महिनोन्‌महिने भांडतात. भांडू द्यावं.

आणि समुद्राकडे टक लावून बसाल, तेव्हा पाणी मागच्या दाराने येईल. गुजरातमधल्या काक्रापारला १९९४च्या जूनमध्ये तसंच झालं. ते केंद्र समुद्रकाठी नाही, तरी धडा आपलाच. मुसळधार पाऊस, शेजारचं तळं तुडुंब, आणि टर्बाइन इमारतीच्या तळमजल्यात पाणी. केबल जाण्यासाठी ठेवलेली भोकं, चर, झडपांचे खड्डे, पाण्याला एवढं पुरतं. म्हणून बांधताना प्रत्येक भोकाची यादी ठेवा आणि दरवर्षी मृगाच्या आधी ती यादी हातात घेऊन चालत फिरा. संगणकावरची यादी नको, छापील. हात चिखलाने भरतात.

जागेबद्दल एकच आणखी. तारापूर ३ आणि ४ साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि पुनर्वसनाची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालली. ज्यांची बोट जिथून रोज सुटते तिथे तुमचा बांध येणार असतो, ज्यांची जाळी पडतात तिथे सुरक्षेची हद्द. हे जमिनीच्या मोजणीच्या कागदावर दिसतच नाही. नुकसानभरपाईचा तक्ता करणाऱ्याला एक आठवडा बंदरावर पाठवा, मगच तक्ता करू द्या.

मीठ सगळीकडे असतं

बांधकामाचं फार सांगत नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. भट्टीच्या इमारतीच्या तळाचा स्लॅब ओतताना काँक्रीटमध्ये बऱ्याचशा पाण्याऐवजी बर्फ घालतात, कारण एवढा जाड गोळा आतून तापला तर तडकतो. पहिल्यांदा बर्फाच्या गाड्या पाहिल्या तेव्हा मला वाटलं कुणाचं लग्न आहे. वाळू आणि पाण्यातला क्लोराइड तपासल्याशिवाय एक घमेलंही ओतू द्यायचं नाही. सळईपर्यंत मीठ पोचलं की ती आतून फुगते आणि काँक्रीट फोडते. किनाऱ्यावरच्या जुन्या चाळींच्या गॅलऱ्या बघा.

माझं काम स्टेनलेस स्टीलपाशी सुरू व्हायचं. त्याला गंज चढत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ताण असलेल्या गरम स्टेनलेस स्टीलवर क्लोराइड बसला की केसासारखी चीर पडते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून स्टोअरमधल्या पाइपवर लिहायचा मार्कर, चिकटवायची टेप, वर गुंडाळायचं उष्णतारोधक लॅगिंग, सगळं आधी प्रयोगशाळेत यायचं. घामाचा हातसुद्धा नको, हातमोजे घाला. माझ्याकडे सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली असायची. ओला फिल्टर पेपर पाइपवर फिरवायचा, त्याच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, दूध फाटल्यासारखं पांढरं झालं की पाइप परत धुवायला. एकदा पावसाळ्यानंतर फाटक्या ताडपत्रीखालचे पाइप तपासले तर एकामागून एक नमुना पांढरा. फोरमन म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बाटली घरी विसरत का नाही कधी?’ तीन आठवडे धुणं चाललं. तेव्हापासून कंत्राटदाराची माणसं मला ‘चांदीवाली’ म्हणायची.

तारापूर ४ चं पहिलं काँक्रीट मार्च २००० मध्ये पडलं आणि मार्च २००५ मध्ये भट्टी क्रिटिकल झाली, म्हणजे तिची साखळी प्रक्रिया आपली आपण चालू लागली. पाच वर्षांत ५४० मेगावॉटचं केंद्र. (चार आधी सुरू झालं, तीन नंतर, २००६ मध्ये. का, असं नवीन मुलं हमखास विचारतात. अहो, क्रमांक जागेचा असतो, मुहूर्ताचा नव्हे.) एवढ्या वेगात स्वच्छता सांभाळायची तर चांदीवाल्या बायका हव्यातच.

पहिली क्रिटिकॅलिटी रेझिनमधून होते

जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम, असलेलं पाणी. त्याच्या भट्टीत नैसर्गिक युरेनियम चालतं. हैदराबादहून इंधनाची नवी बंडलं येतात, ती पहिल्यांदा माणसं हातानेच भरतात, कारण न वापरलेल्या बंडलाचं प्रारण अगदी कमी असतं. ५४० मेगावॉटच्या भट्टीला ३९२ आडव्या नळ्या आणि प्रत्येकीत १३ बंडलं. पाच हजारांवर बंडलं मोजून लावायची. जड पाणी आपल्याकडे बनतं. माझं माहेर थळच्या पंचक्रोशीतलं, तिथल्या खत कारखान्याला जोडून जड पाण्याचा प्रकल्प आहे. शाळेतल्या मैत्रिणींना अजून वाटतं की मी पाणी वजन करून विकायचे.

मॉडरेटरच्या, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या, जड पाण्यात सुरुवातीला बोरॉन घातलेला असतो, तो न्यूट्रॉन गिळतो आणि भट्टी गप्प राहते. मग हे पाणी रेझिनच्या, म्हणजे विरघळलेले पदार्थ पकडून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, कॉलममधून फिरवत बोरॉन हळूहळू काढतात. दर थोड्या वेळाने नमुना, दर नमुन्याला आकडा, आकडा कंट्रोल रूमला. तिथे फळ्यावर आलेख काढत असतात आणि रेघ कुठे जाऊन टेकणार याचा अंदाज बांधतात. टीव्हीवर बटण दाबताना दाखवतात तसं काही नसतं. घाई करणाऱ्याला या दिवशी प्रयोगशाळेत उभं करू नये. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा नमुना मागतात, तेव्हा पुन्हा घ्या, पण पहिला आकडा खोडू नका. तो वहीत तसाच राहू द्या.

रोजचं काम: चार पाणी वेगळी ठेवणं

केंद्र चालू झालं की तुमच्या हातात चार पाणी असतात. मॉडरेटरचं जड पाणी, इंधनाची उष्णता वाहून नेणारं जड पाणी, वाफ होऊन टर्बाइन फिरवणारं शुद्ध साधं पाणी, आणि समुद्राचं. सगळी कला एवढीच की यांतलं एकही दुसऱ्याला भेटू नये. मध्ये असतात फक्त पातळ भिंतीच्या नळ्या, हजारोंच्या संख्येने.

तारापूरची पहिली दोन युनिट्स २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागली, तेव्हा प्रत्येकी २१० मेगावॉटची होती. पुढे त्यांच्या दुय्यम स्टीम जनरेटरच्या (भट्टीच्या गरम पाण्यावर दुसऱ्या पाण्याची वाफ करणारं यंत्र) नळ्या गळू लागल्या, ते जनरेटर बाजूला काढावे लागले आणि ऐंशीच्या दशकात क्षमता १६० वर आणली. प्रत्येक युनिटचे पन्नास मेगावॉट नळ्यांनी खाल्ले. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हाच आकडा सांगते.

कंडेन्सरची वाफेकडची बाजू निर्वात असते. त्यामुळे नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी शुद्ध पाणी बाहेर जात नाही, समुद्र आत ओढला जातो. दहा लाख लिटरमध्ये एक लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तर क्लोराइड वाढतो जेमतेम १९ पीपीबी, म्हणजे अब्जात १९ भाग. जिभेला काय, साध्या मीटरलाही कळणार नाही, पण स्टीम जनरेटरमध्ये पाणी उकळून जातं, मीठ मागे राहतं आणि फटींमध्ये साठतं. म्हणून सोडियमचं मीटर चोवीस तास चालू हवं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं हवीत.

माझ्या एका रात्रपाळीत सोडियम हळूच वर सरकायला लागला. शिफ्टचा मुख्य इंजिनिअर म्हणाला, मीटर खराब असेल. मी हाताने नमुना घेतला, तेवढाच आला. पुन्हा घेतला. मग त्याने लोड कमी करून कंडेन्सरचा एक अर्धा भाग वेगळा काढला. गळकी नळी कशी शोधतात माहीत आहे? पाण्याची पेटी रिकामी करून आत शिरायचं आणि नळ्यांच्या तोंडांवर दाढीचा फेस फासायचा. दुसऱ्या बाजूला निर्वात असतो, त्यामुळे गळक्या नळीच्या तोंडावरचा फेस आत ओढला जातो. मेणबत्तीची ज्योतही वाकते, पण शेजारी जनरेटरमध्ये हायड्रोजन असतो, तेव्हा फेसच बरा. पहाटे साडेचारला आत शिरलेला फिटर बाहेर आला आणि म्हणाला, ‘सापडली. आता उरलेल्या फेसात दाढी करून घेतो.’ दोन्ही टोकांना बूच ठोकलं, काम संपलं. नवं केंद्र बांधत असाल तर कंडेन्सरला टायटॅनियमच्या नळ्या घाला आणि खरेदी विभागाशी किमतीवरून भांडा.

समुद्राच्या पाण्यात जीव असतात हे इंजिनिअर लोक विसरतात. कालवं आणि शिणाणे (शिंपल्यांचाच एक प्रकार) भिंतींना चिकटतात, वाढतात, मग निखळून कंडेन्सरच्या तोंडावर येतात. तमिळनाडूतल्या कल्पक्कमला समुद्रतळाखालून सुमारे अर्धा किलोमीटरचा इनटेक बोगदा आहे, त्यात शिणाण्यांनी वसाहत केली होती. क्लोरीन द्यायचा तो सतत, थोडा आणि मोजून. जास्त दिला तर बाहेर पडणाऱ्या पाण्यातले मासे मरतील आणि ते योग्यच तुमच्या नावावर पडेल. जेलिफिशला मात्र क्लोरीनचं काही वाटत नाही. त्या थव्याने येतात आणि फिरत्या जाळ्यांवर साबुदाण्याच्या खिरीसारख्या थापल्या जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रावलीन केंद्राच्या चार भट्ट्या यामुळे बंद पडल्या. उपाय साधा आहे. जाळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढू लागला की लगेच माणसं उतरवा, आणि एरवी मच्छीमारांना विचारत राहा. त्यांना दोन दिवस आधी कळतं.

पहिल्या पावसाआधीच्या धुक्याच्या रात्री स्विचयार्डकडे, म्हणजे जिथून वीज ग्रिडला जाते त्या आवाराकडे, लक्ष ठेवा. इन्सुलेटरवर महिनोन्‌महिने मिठाचा थर बसलेला असतो. कोरडा असताना निरुपद्रवी, ओला झाला की वीज त्यावरून उडी मारते. चालू लाइनवरच शुद्ध पाण्याच्या फवाऱ्याने ते धुतात, आणि त्या पाण्याची वाहकता तपासून देणं हे पुन्हा आमच्याकडे. फवारा मारणारा माणूस माझ्या सहीच्या भरवशावर नळी धरतो. ती सही मी कधी शिकाऊ मुलाला करू दिली नाही.

क्लास फोर गेला तर

आमच्या भाषेत ग्रिडची वीज म्हणजे क्लास फोर, डिझेलची क्लास थ्री, बॅटरीवरून इन्व्हर्टरने मिळणारी क्लास टू आणि निव्वळ बॅटरी म्हणजे क्लास वन. ‘क्लास फोर गेला’ ऐकलं की सगळे धावतात. भट्टी दोन सेकंदांत बंद होते, पण निखारे राहतात. बंद केल्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता असते, दिवसभरानंतरही अर्धा टक्का. ५४० मेगावॉट विजेच्या भट्टीसाठी तो अर्धा टक्काही आठ-नऊ मेगावॉट उष्णतेचा आहे. ती काढायला पाणी हवं, पंप हवा.

दुसरी गोष्ट झेनॉनची. हा भट्टीतच तयार होणारा, न्यूट्रॉन गिळणारा वायू. भट्टी अचानक बंद पडली तर साधारण अर्ध्या तासात कारण शोधून, दुरुस्त करून परत चालू करता आली तर ठीक. नाही तर झेनॉन साठतो आणि दीड दिवस भट्टी हलत नाही. या अर्ध्या तासात वरून फोन येतात. फोन उचलायला वेगळा माणूस ठेवा आणि कारण सापडलं नसेल तर दीड दिवस थांबा. थांबल्यामुळे कुणाचं केंद्र जळालेलं मी ऐकलं नाही.

उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राची ३१ मार्च १९९३ची पहाट प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ हवी. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबल जळाल्या, सतरा तास केंद्र अंधारात. माणसं टॉर्च घेऊन वर चढली आणि हाताने झडपा उघडून बोरॉन सोडला. आगीच्या बंबाच्या डिझेल पंपाने स्टीम जनरेटरला पाणी पाजलं आणि जड पाणी आपोआप फिरत राहिलं, पंपाशिवाय. म्हणून आग विझवण्याचं गोडं पाणी कधीही दुसऱ्या कामाला वापरू देऊ नका. बागेलासुद्धा नाही. डिझेलच्या टाकीच्या तळाचा नमुना नियमाने काढा, किनाऱ्याच्या दमट हवेत तळाला पाणी जमतं. शेवटचा उपाय म्हणून समुद्राचं पाणी भट्टीत सोडायची वेळ आली तर माझ्यासारखी केमिस्ट रडेल, कारण मीठ गेलं की ती भट्टी संपली. तरीही सोडा. भट्टी गेलेली चालेल.

माणसं

जड पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तयार होतो आणि गळतीतून वाफ होऊन श्वासाबरोबर, कातडीतून शरीरात जातो. म्हणून लघवीचा नमुना द्यावा लागतो. नवी मुलं लाजतात, बाटली लपवून आणतात. लाजू नका. आकडा वाढलेला दिसला तर डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात, ताक, नारळपाणी, काहीही. शरीरातला ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मा होतो, प्यायल्याने अजून लवकर. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या प्रारणाचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. कंत्राटी कामगाराचा प्रारण मोजणारा बॅज तुमच्या बॅजइतक्याच गांभीर्याने वाचा. तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि त्याची बेरीज ठेवणारं घरात कुणी नसतं.

कुंपणाबाहेरचं काम पर्यावरण प्रयोगशाळेचं. तिथली माणसं आजूबाजूच्या गावांतून दूध, तांदूळ, भाजी, बकऱ्याची थायरॉइड ग्रंथी, मासे असं सगळं गोळा करतात. मासे वाळवून प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत राख करतात आणि राखेतली किरणोत्सारिता मोजतात. तिथे माझी एक मैत्रीण होती, तिच्याबरोबर मी सुट्टीच्या दिवशी बंदरावर जायचे. कोळीणबाई आम्हाला लांबूनच ओळखायची आणि टोपली झाकून आधी विचारायची, ‘आज खायला का जाळायला?’ जाळायला म्हटलं की किलोमागे वीस रुपये जास्त. सरकारी पैसा, घासाघीस कोण करणार? मी मात्र करायचे.